लाल पन्नीतली परी

सिनेमा काळा-पांढरा होता. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. आणि दर वेळी समोरच्यानं मान हलवली आहे. "नाही जी, रंगीत होता. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाह्यला."

पाहिला असेल. दाखवला कोणी, ते मी सांगतो.

मी तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचो. शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं रिळांच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकलो, आणि त्यावर माझं काही अडलं नाही. दिवाळी झाली की तंबू निघायचा तो होळीपर्यंत फिरत राहायचा. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा. जिथे जत्रा, तिथे आम्ही. मशीन एकच होतं, म्हणून रीळ संपलं की दिवे लागायचे, बाया पोरांना मुतायला न्यायच्या, माणसं बिड्या पेटवायची आणि मी घाम पुसत पुढचं रीळ चढवायचो.

एका साली मालकानं अमरावतीहून हा परीचा सिनेमा आणला. शहरात तो आठवडाभरही टिकला नव्हता, म्हणून स्वस्त पडला. गोष्ट साधी. एका जादूगारानं परीचे पंख काढून तिला विहिरीत कोंडलेलं असतं. धोब्याचा एक पोरगा दोराला लटकून खाली उतरतो. मध्ये जंगल लागतं, एक राक्षस लागतो, त्याच्या तोंडातून जाळ निघतो. शेवटी परीला पंख मिळतात आणि ती उडून जाते. धोब्याचा पोरगा खालीच राहतो. सगळं काळं-पांढरं, त्यात प्रिंट घासलेली. जाळ निघायचा तेव्हा राक्षसानं पीठ फुंकलं असं वाटायचं. पहिल्या रात्री लोक हसले. दुसऱ्या रात्री आलेच नाहीत.

झाडीपट्टीतल्या एका नाटकमंडळीचा मुक्काम आमच्या तंबूशेजारी होता. त्यांनी दिव्यापुढे लाल पन्नी, म्हणजे आरपार दिसणारा रंगीत कागद, लावला की राजाचा महाल पेटल्यासारखा दिसायचा. मी ते पाहून आलो आणि दुपारभर मला काही सुचेना. शेवटी जाऊन त्यांच्याकडून पन्नीचे चार रंगांचे तुकडे मागून आणले. पुठ्ठ्याचं एक चाक कापलं, त्याला चार खिडक्या पाडल्या, मध्ये खिळा ठोकला आणि भिंगापुढे हातभर अंतरावर टांगलं. विहिरीला निळा, जंगलाला हिरवा, राक्षसाला लाल आणि पंख आले की पिवळा. एका हातानं मशीन सांभाळायचं, दुसऱ्यानं चाक फिरवायचं.

त्या संध्याकाळी राक्षसानं तोंड उघडलं आणि मी लाल फिरवला. तंबूतून जो आवाज उठला, तो मला आजही सांगता येत नाही. पुढच्या बाया उठून मागे पळाल्या. मालक धावत आत आला, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खेळ संपेपर्यंत तोंड दाबून उभा राहिला. मग म्हणाला, "पोरा, हे ताडपत्रीबाहेर गेलं तं पब्लिक तंबू जाळन. खा शपथ." मी मशीनवर हात ठेवून शपथ खाल्ली. दुसऱ्या दिवशी मशीनच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्री ओढली गेली आणि आत यायला सगळ्यांना मनाई झाली.

सगळ्यांना म्हणजे भोंगेवाल्यालाही.

भोंगेवाला हा माझा दोस्त. पुढे त्यानंच आपली बहीण मला दिली, म्हणजे माझा साळा झाला. त्याचं काम जीपवर भोंगा बांधून गावोगाव ओरडायचं. खेळ सुरू झाला की तो उद्याच्या गावांना निघून जायचा आणि परत यायचा तोपर्यंत शेवटचं रीळ चालू असायचं. दाराशी उभा राहून तो लाल राक्षस आणि मग पिवळी परी उडताना पाहायचा. मालकानं त्याला सांगितलं, प्रिंट बदलून आणली, अर्धी रंगीत आहे. त्यानं विश्वास ठेवला. का ठेवू नये? डोळ्यांनी पाहत होता.

आणि काय ओरडायचा! "आधा रंगीन, आधा सादा! निळी विहीर, हिरवं जंगल, लाल राक्षस! खोटं निघालं तं माय-बाप हो, उद्या याच चौकात या मानसाच्या थोबाडीत मारा!" हे शेवटचं मालकानं शिकवलेलं नव्हतं, त्यानं स्वतः जोडलं होतं. गावोगाव तो आपलं थोबाड गहाण ठेवत फिरायचा आणि एकाही गावात कोणी मारायला आलं नाही. या गोष्टीचा त्याला गर्व होता. मी कशाला नाही म्हणू, गर्व करावा अशीच गोष्ट होती.

तंबूचा धंदा बसला तेव्हा मी वणीला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर लागलो. तो राजूरला कोळशाच्या खाणीत गेला. मालक वारला. मला वाटलं, शपथ मालकापुढे खाल्ली होती, मालकाबरोबर ती गेली.

तिथेच माझं चुकलं, असं माझी बायको म्हणते. मी म्हणत नाही.

साळ्याच्या मुलीच्या लग्नात, राजूरलाच, जेवणाच्या पंगतीत कोणीतरी परीच्या सिनेमाचं नाव काढलं. साळ्यानं हातातली वरणाची बादली खाली ठेवली आणि तोच जुना आवाज लावला, आधा रंगीन, आधा सादा. पंगत हसली, टाळ्या पडल्या. त्याचा चेहरा असा उजळला की मला राहवेना. मी पत्रावळीवरून मान वर केली आणि म्हणालो, "रंग सिनेमात नव्हता. रंग माझ्या हातात होता." आणि सगळी गोष्ट सांगितली. चाक, पन्नी, शपथ, सगळी.

तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाही.

"जवाई, म्हंजे मी चाळीस गावांत खोटं बोंबललो म्हनता?"

"तुम्हाले कुठी माहीत होतं? मी तुम्हाले खोटं नाही म्हनून राह्यलो."

"मंग कोनाले म्हनून राह्यले? भोंग्यावर मीच होतो ना! थोबाड माझंच होतं ना!"

"थोबाडाचं सोडा. सिनेमा सादा होता."

"रंगीन होता! तुम्ही नुसते हँडल फिरवत होते, अन् आता म्हनता रंग बी माझा! उद्या म्हनान, परी बी मीच होतो!"

पंगत पुन्हा हसली. या वेळी माझ्यावर. मी उठलो. अर्ध्या जेवणावरून उठलो, पत्रावळीवर जिलबी तशीच होती. सगळ्या मांडवासमोर म्हणालो, "हा सिनेमा सादा होता हे जोवर तुम्ही आपल्या तोंडानं कबूल करत नाही, तोवर तुमच्या दारचं पानी मले वर्ज्य." बायकोला म्हणालो, "चाल." ती उठली. आईच्या पायाही पडली नाही, तशीच माझ्यामागे आली.

सात वर्षं.

मी तिला कधी अडवलं नाही, हे आधीच लिहून ठेवतो. दर दिवाळीला म्हणायचो, तू जा, शपथ माझी आहे, तुझी नाही. ती म्हणायची, "तुमच्याबिगर गेली तं लोक काय म्हनतीन, नवऱ्याले सोडून आली?" आणि भांडी घासायला बसायची. राजूर वणीपासून किती, काळी-पिवळी जीपमध्ये बसून पान चघळेपर्यंत येतं. तिची आई तिथे खाटेवर. डोळ्यांनी दिसत नाही, पायानं चालवत नाही. भाऊबीजेच्या दिवशी बायको ताटात निरांजन लावायची आणि शेजारच्या गृहस्थाला ओवाळायची. मी तेव्हा घराबाहेर पडून गल्लीत येरझारा घालायचो. एकदा मी विचारलं, "तुले तं वाटते ना, रंग माझा होता?" तिनं लहानपणी त्याच तंबूत तो सिनेमा पाहिला होता. ती म्हणाली, "तुम्ही म्हनता तं असन."

असन! अख्ख्या घरात एका माणसानं तरी "हाव, होता" म्हणावं, तर असन.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंग चार महिने चालायची ती दोनच चालू लागली, मग कधी चालू कधी बंद. मी काम नसलं तरी सकाळी फाटकापर्यंत जाऊन यायचो. पायांना सवय. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, माणसं गाडीखाली बसून भावाची वाट पाहताहेत, आणि मुंबई-दिल्लीकडचे कॅमेरेवाले येऊन त्यांना म्हणताहेत, जरा कपाळाला हात लावून बसा. एकानं मलाही म्हटलं. मी म्हटलं, मी कपाळाला हात लावत नाही, मी ऑपरेटर आहे. सगळीकडे एकच शब्द ऐकू यायचा, बोगस. बियाणं बोगस, औषध बोगस, पाकिटावर नारळाएवढं बोंड आणि शेतात नुसती पानं. कोणाचा कशावर विश्वास उरला नव्हता. त्यात माझ्यावर कोण ठेवणार?

अशात यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून मुलाचा फोन आला. तो तिथे एमआयडीसीत कामाला. किराणा दुकानदारानं मला हाक मारून बोलावलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा परीवाला सिनेमा निघाला. शीडीवर, टीव्हीले लावाची ते चकती. जुने पडेल सिनेमे काढून राह्यली एक कंपनी. पेपरात यादी आली, त्यात नाव हाय."

मी विचारलं, "सादा की रंगीन?"

"तसं नाही लिहिलं बाबा. नुसतं नाव हाय."

त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. तीनदा यवतमाळला गेलो. पहिल्यांदा दुकानदार म्हणाला, अजून आली नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, आली होती, संपली. ज्या सिनेमाला कोणी विचारलं नाही तो संपला कसा? मी त्याच्याशी भांडलो. तिसऱ्यांदा मला लांबूनच पाहून त्यानं कपाटातून काढून ठेवली. "घ्या काका. आता मले सुट्टी द्या."

मी हातात घेतली. कव्हरावर परी होती. गुलाबी परी, पिवळे पंख, निळं आभाळ. मागे राक्षस, लालभडक.

"हे रंगीन हाय काय?"

"कव्हर तं रंगीनच राहते काका."

"आतलं विचारून राह्यलो मी."

"खोलून पाहा घरी. इथं खोलली तं वापस नाही घेनार."

मुलाच्या खोलीवर शीडीचं मशीन नव्हतं. मी तसाच वणीच्या गाडीत बसलो. डबी शर्टाच्या आत, पोटाशी. तिचे कोपरे टोचत होते तरी हात काढवेना. आणि गाडी जशी पुढे जाऊ लागली तशी माझ्या मनात एक गोष्ट शिरली, जी सात वर्षांत कधी शिरली नव्हती. समजा रंगीत निघाला तर? समजा तिकडे मोठ्या शहरात रंगीतच होता आणि आमच्याकडे घासून घासून सादी झालेली प्रिंट आली? समजा मी पन्नी लावली ती रंगावर रंग लावला? मी डोळे मिटून पहिलं रीळ आठवू लागलो. विहीर आठवली ती निळीच. डोक्यातून निळा काढावा म्हणून मी कपाळ चोळलं, तरी निळीच. राक्षस आठवला तो लाल. ज्यानं स्वतः चाक फिरवलं, त्यालाही सादा सिनेमा आठवेना. शेजारचा माणूस म्हणाला, "बाबा, तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "तुमची पाहा."

घरी आलो तर वीज नव्हती. आमच्या भागात त्या दिवसांत वीज पाहुण्यासारखी यायची, आली की धावत तिचं कौतुक करायचं. तीन दिवस मी शेजाऱ्याच्या टीव्हीसमोर जाऊन बसलो. वीज यायची तेव्हा त्याच्या मुलीची मालिका सुरू असायची. ती संपेपर्यंत वीज जायची. बायको चौथ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दादाकडे खदानीची लाईन हाय. तिथं जात नाही लाईट. मशीन बी हाय म्हनते त्याची सून."

मी तव्याकडे पाहिलं.  पोळी जळाली, आणि तिची पोळी कधी जळत नाही.

मी उठून बाटलीत पाणी भरलं. झाकण घट्ट लावलं. "चाल," म्हणालो.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही साळ्याच्या दारात उभे. कोळशाची धूळ अंगणभर. बायको आत जाऊन आईच्या खाटेवर बसली आणि दोघी एकमेकींच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या. साळा बनियनवर बाहेर आला. केस सगळे पांढरे झालेले. 

"या," तो म्हणाला. "बसा. पानी..."

"पानी माझं माझ्याजवळ हाय." मी बाटली दाखवली. "मी बसाले नाही आलो. दाखवाले आलो." आणि शर्टातून डबी काढली.

त्यानं कव्हर उजेडात धरलं. परी पाहिली, राक्षस पाहिला. आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला सात वर्षांपूर्वीची पंगत आठवली.

"हे पाहा! मी काय म्हनत होतो? निळं, पिवळं, लाल! जवाई, तुम्ही स्वतःच घेऊन आले!" त्यानं शेजारी हाक मारली. "या रे, या! माझा सिनेमा आला! आधा रंगीन, आधा सादा!"

दोन शेजारी आले. सुनेनं टीव्ही लावला. खोलीत मी, साळा, त्याची सून, शेजारी, खाटेवर सासूबाई आणि त्यांच्याजवळ माझी बायको.  नावं सुरू झाली. मग विहीर.

काळी विहीर. पांढरं पाणी.

मी श्वास सोडला. सात वर्षांचा श्वास होता तो. पण बोललो नाही, कारण साळा म्हणाला, "थांबा. सुरुवात सादीच होती. पुढं येते रंग." सगळे थांबले. जंगल आलं. पांढरी पानं, काळी झाडं. "येईन," साळा म्हणाला. आता त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. खरं सांगतो, मी सिनेमा पाहत होतो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चाक न फिरवता पाहत होतो. धोब्याच्या पोराचा दोर तुटत आला होता, आणि मला ठाऊक असून माझ्या घशाला कोरड पडली. हाताशी काही होतं ते मी उचलून प्यालो आणि परत ठेवलं.

राक्षसानं तोंड उघडलं. पांढरा धूर. पीठ.

सून सासऱ्याकडे पाहून फस्सकन हसली. "मामाजी, हे तं ब्लॅक अँड व्हाईट हाय! तुम्ही आम्हाले लाल राक्षस, लाल राक्षस करून भेव दाखवत होते!"

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "टीव्ही बिघडला असन. ठोका त्याले." एक शेजारी उठून खरोखरच ठोकून आला. रंग आला नाही.

मी साळ्याकडे तेव्हा पाहिलं. तो हातात कव्हर घेऊन बसला होता. कव्हराकडे पाहायचा, मग टीव्हीकडे, मग कव्हराकडे. ओठ हलत होते. मला वाटतं, तो गावं मोजत होता. ज्या ज्या चौकात त्यानं थोबाड पुढे केलं ते सगळे चौक. मी जिंकलो होतो. फक्त तोंड उघडायचं होतं. शब्द सात वर्षं घासून ठेवले होते, धार होती त्यांना.

तितक्यात दुसरा शेजारी, जो शेती करायचा, मांडीवर थाप मारून म्हणाला, "बोगस हाय हे! पाकीट पाहा कसं रंगीन अन् आतमधी काय? आमच्या बियाण्यावानी! जवाई, फसवलं तुम्हाले यवतमाळवाल्यानं. असली शीडी येगळी राहीन, रंगीन."

"तेच म्हनतो मी," पहिला म्हणाला. "भाऊ काय उगाच बोंबलन? चाळीस गावांनी पाह्यलं. डुप्लिकेट खपवली जवाईले. म्हातारा मानूस पाह्यला अन्..."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साळाही. त्याच्या नजरेत विनंती नव्हती, तो विनंती करणाऱ्यातला नाही. पण भोंगा हातातून काढून घेतल्यावर माणूस जसा उभा राहील तसा तो बसला होता. मी खाटेकडे पाहिलं. बायकोनं आईचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. ती माझ्याकडे पाहत होती आणि मग तिनं नजर हळूच माझ्या पायाशी नेली. तिथे स्टीलचा पेला होता. रिकामा. शेजारी माझी बाटली, झाकण तसंच घट्ट.

म्हणजे मी मघाशी काय प्यालो होतो ते मला तेव्हा कळलं.

मला फसवणारा दुकानदार अजून यवतमाळात जन्माला यायचा आहे. हे मी तेव्हाही म्हणू शकलो असतो. मी रिळाच्या वासावरून सांगायचो प्रिंट किती जुनी आहे. आणि तिथे दोन माणसं, ज्यांनी कधी मशीन जवळून पाहिलं नाही, मला म्हातारा, फसलेला म्हणत होती. माझ्या कानातून वाफ निघत होती.

"फसवलं खरं," मी म्हणालो.

एवढंच. याच्या पुढचं एक अक्षर माझ्यानं बोलवलं नसतं. शेजाऱ्यांनी दुकानदाराला शिव्या दिल्या. सुनेनं डबी उचलून टीव्हीवर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, लाव पुढचं, पंख तं येऊ दे." आम्ही शेवटपर्यंत पाहिला. परी उडाली तेव्हा पडदा नुसता पांढरा झाला.

चार वाजता मी निघालो. बायको म्हणाली, "मी राहू काय?" मी म्हटलं, "मले काय विचारतं? तुझं माहेर हाय." ती उभी राहिली. पदर सारखा केला. "किती दिवस?" मी म्हटलं, "राहा." साळा मला जीपपर्यंत पोहोचवायला आला. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, धूळ, आम्ही दोघं नाकाला गमछा लावून. अर्धा रस्ता तो खालीच पाहत चालला. मग म्हणाला,

"जवाई."

"काय?"

"लाल कोन्ती लावायचे?"

मी थांबलो. तो थांबला नाही, म्हणून मलाही चालावं लागलं.

"नाटकवाल्याची होती," मी म्हणालो. "मंग ते फाटली तं मिठाईच्या डब्यावरची लावली. झरीच्या जत्रेपासून."

"तरीच." त्यानं मान हलवली. "झरीले लाल जरा फिक्का होता. मी मालकाले बोललो बी होतो. थो म्हने, प्रिंट जुनी होऊन राह्यली." थोडं चालून, "पिवळा मात्र एक नंबर होता."

"पिवळ्याले दोन पन्न्या होत्या. एकावर एक."

"हं."

त्यानं कबूल केलं असं मी म्हणणार नाही. सिनेमा सादा होता हे शब्द त्याच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाहीत. तो अजूनही लग्नाकार्यात आधा रंगीन ओरडतो आणि माझ्याकडे पाहतच नाही. मी पण जेवत राहतो. हे लिहिलं ते त्यानं वाचलं तर यावं भांडायला, मी घरीच असतो.

जीप भरली. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, "जवाई हायत, पुढं बसव," आणि ट्रक गेला त्या धुळीत तो मला परत जाताना दिसला.

घरी आलो तर वीज होती. मी टीव्हीवाल्या शेजाऱ्याकडे गेलो नाही. घरात फिरलो. चहा केला, त्यात साखर विसरलो. बाटलीतलं पाणी अजून भरलेलंच होतं, ते तुळशीत ओतलं. सात वर्षं ज्या गोष्टीसाठी अंगाला मुंग्या लागल्या होत्या ती झाली, तरी मुंग्या तशाच. आता कोणासाठी, ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या फाटकापर्यंत जाऊन आलो, बंद होती. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं हाक मारली, फोन होता.

"मी आनखीन आठ दिवस राहते," बायको म्हणाली. मागे तिच्या आईचं हसणं ऐकू येत होतं. कोणाला तरी ती काही सांगत होती, मोठमोठ्यानं. "माय सोडत नाही. तुम्ही जेवले काय?"

"जेवलो."

"काय केलं?"

"खिचडी."

"जळली?"

"नाही," मी म्हणालो. जळली होती. "राहा. मी काई नाही म्हटलं काय?"

आठाचे बारा झाले. बारा दिवसांनी मी स्वतः आणायला गेलो. राहा म्हटलं होतं मी. इतकं राहा, असं नव्हतं म्हटलं.